प्रचालन प्रणालीचा गाभा कोसळणे : कारणशोधाचा इतिहास

संगणक चालू असताना त्याच्या प्रचालन प्रणालीच्या मध्यवर्ती भागास पुढील काम करणे अशक्य किंवा असुरक्षित ठरून सर्व यंत्रणा एकाएकी थांबते, तेव्हा त्या प्रणालीचा गाभा कोसळला असे म्हणतात. या मध्यवर्ती भागास गाभा किंवा कर्नेल अशी संज्ञा आहे. स्मृतीचे वाटप करणे, प्रक्रियकाचा वेळ निरनिराळ्या आज्ञावल्यांत विभागणे, चकत्या, जाळे, पडदा, कळफलक इ. साधनांशी व्यवहार करणे आणि एका आज्ञावलीस दुसरीच्या क्षेत्रात शिरू न देणे ही गाभ्याची प्रमुख कामे होत. एखादी सामान्य आज्ञावली चुकली, तर गाभा तिला बंद करतो व इतरांचे काम चालू राहते. परंतु खुद्द गाभाच चुकला, तर त्याच्यावर देखरेख करणारे दुसरे कोणी नसते. युनिक्स व लिनक्स या प्रणालींत अशा वेळी ‘पॅनिक’ हा शब्द उमटतो. विंडोज प्रणालीत दीर्घकाळ निळा पडदा दिसत असे. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून त्याची जागा काळ्या पडद्याने घेतली. कोसळलेला संगणक पुन्हा सुरू करणे सोपे असते. तो का कोसळला हे निश्चित करणे मात्र अवघड असते. या कारणशोधाची साधने व पद्धती गेल्या सुमारे साठ वर्षांत कशा घडत गेल्या, याचा आढावा येथे घेतला आहे.

अडचणीचे स्वरूप : या शोधात मूलभूत अडचणी दोन. पहिली अशी, की घटनेचा मुख्य साक्षीदार घटनेतच नाहीसा होतो. गाभ्याची सर्व स्थिती स्मृतीत असते आणि संगणक पुन्हा सुरू करताच ती पुसली जाते. नोंद चकतीवर लिहावी, तर लिहिण्याचे काम करणारा गाभाच त्या वेळी भरवशाचा राहिलेला नसतो. दुसरी अडचण अशी, की जेथे गाभा कोसळतो तेथेच दोष असतो असे नाही. एका भागाने चुकीच्या पत्त्यावर लिहिलेली संख्या दुसऱ्या भागाने काही मिनिटांनी किंवा काही दिवसांनी वाचली, म्हणजे कोसळतो तो दुसरा भाग. मूळ दोषी भाग तोवर आपले काम संपवून मोकळा झालेला असतो.

हा भेद अपघातांच्या चौकशीत नेहमी दिसतो. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावरील एका मालमोटारीस धडकले. मालमोटारीत कापसाच्या गाठी होत्या. विमान तसेच पुढे गेले, उच्च दाबाच्या विद्युत् तारांवर आदळले व कोसळले. या अपघातात ५५ व्यक्ती मरण पावल्या. विमानाचे अवशेष जेथे पडले, तेथे अपघाताचे कारण नव्हते. धावपट्टीवर विमानाचे नाक उचलण्यास झालेला विलंब आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन न होणे, अशा दोन निराळ्या ठिकाणच्या गोष्टींचा तो एकत्रित परिणाम ठरला. विमानातील नोंदयंत्रे अपघातात टिकाव धरतील अशा वेगळ्या पेटीत ठेवलेली असतात. संगणकात अशी स्वतंत्र पेटी मुळात नव्हती. ती कशी निर्माण झाली, हा या इतिहासाचा अर्धा भाग होय. पडण्याच्या जागेपासून दोषाच्या जागेपर्यंत मागे कसे जावे, हा उरलेला अर्धा भाग होय.

आरंभीची यंत्रे : प्रारंभीच्या संगणकांत आजच्या अर्थाने प्रचालन प्रणाली नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे नामकरण केले. त्याची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची असून तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. इंग्रजीत या कड्यांना ‘कोअर’ म्हणत. त्यावरूनच स्मृतीतील सर्व मजकूर जसाच्या तसा बाहेर काढण्याच्या क्रियेस ‘कोअर डंप’ हे नाव पडले आणि फेराइटची स्मृती कालबाह्य झाल्यानंतरही ते टिकून राहिले. या कड्यांचा एक गुण असा, की वीज गेली तरी त्यांतील चुंबकन टिकून राही; त्यामुळे थांबलेल्या यंत्राची स्मृती पुढे वाचता येत असे. अर्धसंवाहक स्मृती आल्यावर वेग व धारणक्षमता वाढली, परंतु हा गुण गेला. कारणशोधाच्या दृष्टीने ही एक पीछेहाटच होती.

त्या काळी यंत्र थांबले, की निर्वाहक स्मृतीचा मजकूर अष्टमान अंकांत कागदावर छापून घेई आणि अभियंता तो पानोपान वाची. काही हजार शब्दांच्या स्मृतीस ही पद्धत पुरेशी होती. टाटा संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. अशा यंत्रांवर अनेकांची कामे एकापाठोपाठ चालविणारी देखरेख प्रणाली असे. त्यामुळे ‘माझी आज्ञावली चुकली, की प्रणाली चुकली?’ हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. कारणशोधाची पहिली पायरी आजही हीच आहे.

युनिक्स व ‘पॅनिक’ : अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या मल्टिक्स या प्रणालीत चूक झाल्यास ती ओळखून सावरून घेण्यावर मोठा भर होता. तिच्या एका रचनाकाराने पुढे नमूद केले, की त्याच्या लेखनापैकी निम्मे लेखन चुका सावरण्यासाठीच होते. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्सच्या कर्त्यांनी उलट मार्ग धरला. गाभ्यास आपल्या स्थितीत विसंगती आढळली, तर सावरण्याचा प्रयत्न न करता ‘पॅनिक’ नावाचे छोटे कार्य बोलवावे, कारणाची एक ओळ छापावी आणि थांबावे. या निर्णयामुळे गाभा लहान व समजण्याजोगा राहिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बिघडलेल्या स्थितीत पुढे चालत राहून चकतीवरील माहिती नासविण्यापेक्षा वेळीच थांबणे अधिक सुरक्षित होय, हे तत्त्व रूढ झाले. पॅनिक ही या दृष्टीने आपत्ती नसून आपत्ती वाढू न देण्याची व्यवस्था आहे.

सहाव्या आवृत्तीच्या काळात (१९७५) युनिक्सच्या पुस्तिकेत प्रणाली कोसळल्यास काय करावे याचे स्वतंत्र प्रकरण होते व स्मृतीची प्रत चुंबकीय फितीवर उतरवून घेण्याची रीत त्यात सांगितली होती. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी याच आवृत्तीच्या गाभ्यावर सविस्तर भाष्य लिहिले (१९७६-७७). त्यामुळे गाभ्याची मूळ आज्ञावली ओळीओळीने वाचण्याची सवय विद्यापीठांत रुजली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८० च्या सुमारास पुढची पायरी गाठली गेली. कोसळणारा गाभा स्मृतीची प्रत चकतीच्या अदलाबदलीसाठी राखलेल्या भागात लिही, संगणक आपोआप पुन्हा सुरू होई आणि नंतर ती प्रत सामान्य फाइल म्हणून जतन केली जाई. निर्वाहक जागेवर नसतानाही पुरावा टिकू लागला.

भारतात युनिक्सचा प्रसार होण्यास बँकांचे यांत्रिकीकरण विशेष कारणीभूत झाले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत युनिक्सवर चालणारी यंत्रे आली व देशी संगणक उद्योगास या प्रणालीचा सराव झाला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये परम ८००० हा समांतर महासंगणक तयार केला. अनेक प्रक्रियक एकाच वेळी चालू असता होणाऱ्या चुका दर वेळी एकाच क्रमाने घडत नाहीत; त्यामुळे त्यांचा शोध एका प्रक्रियकाच्या यंत्रापेक्षा फार कठीण असतो. हा प्रश्न तेव्हा महासंगणकांपुरता होता. बहुगाभी प्रक्रियक सर्वसाधारण झाल्यावर तो प्रत्येक संगणकाचा झाला.

मरणोत्तर साक्ष : बर्कलीच्या पद्धतीत एक उणीव होती. स्मृतीची प्रत चकतीवर लिहिण्याचे काम कोसळलेल्या गाभ्याकडेच असे. दोष चकतीच्या चालक आज्ञावलीत, म्हणजे ड्रायव्हरमध्येच असेल किंवा स्मृतीतील तक्ते नासलेले असतील, तर प्रत लिहिली जात नसे. क्वचित भलत्याच ठिकाणी लिहिली जाऊन चांगली माहिती नष्ट होण्याचा धोका असे. लिनक्ससाठी १९९९ नंतर तयार झालेल्या पहिल्या डंप-योजनांत हीच उणीव होती. प्रत जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्याच्या योजनेतही जाळ्याचा ड्रायव्हर धड असणे आवश्यक होते.

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शोधण्यात भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. एका चालू गाभ्यातून दुसरा गाभा थेट सुरू करण्याची केएक्झेक ही योजना अमेरिकेतील एरिक बायडरमन यांनी तयार केली होती. बंगळूर येथे आयबीएमच्या लिनक्सविषयक गटात काम करणारे विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लिथीर्थ व त्यांचे सहकारी यांनी तिचा उपयोग करून केडंप ही पद्धत विकसित केली. तिचे वर्णन करणारा निबंध बायडरमन यांच्यासह २००५ मध्ये ओटावा येथील लिनक्स परिषदेत सादर झाला आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिची कल्पना अशी : संगणक सुरू होतानाच स्मृतीचा एक छोटा भाग राखून ठेवावा व त्यात दुसरा, लहान गाभा आणून ठेवावा. पहिला गाभा या भागाचा वापर कधीच करीत नाही. पहिला गाभा कोसळला, की नियंत्रण या दुसऱ्या गाभ्याकडे जाते. तो आपल्या राखीव जागेत राहून पहिल्याची सर्व स्मृती जशीच्या तशी वाचतो, ती चकतीवर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवितो आणि मग संगणक पुन्हा सुरू करतो. मृताने स्वतःचा पंचनामा करण्याऐवजी तो निरोगी साक्षीदाराने करावा, असे या पद्धतीचे थोडक्यात सूत्र सांगता येईल.

दुसऱ्या गाभ्यालाही एक मर्यादा होती : बिघडलेल्या अवस्थेत अडकलेली काही साधने त्याला नीट सुरू करता येत नसत. आयबीएमच्या पॉवर जातीच्या यंत्रांसाठी यावर उपाय निघाला. महेश साळगावकर यांनी लिहिलेली फर्मवेअर-साहाय्यित डंप ही योजना २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत आली. तीत यंत्रातील अंगभूत आज्ञावली स्मृतीचा आवश्यक भाग राखते, सर्व साधने पूर्णपणे नव्याने सुरू होतात आणि त्यानंतर जुन्या स्मृतीची प्रत घेतली जाते.

अशी प्रत फार मोठी असते. शंभर गिगाबाइट स्मृतीच्या यंत्राची संपूर्ण प्रत तेवढीच जागा घेईल. म्हणून रिकामी व अनावश्यक पाने गाळून ती आकुंचित करतात. या गाळणीस दुसरेही कारण आहे. स्मृतीत त्या क्षणी वापरात असलेले परवलीचे शब्द, पत्रव्यवहार, खातेदारांची माहिती असे सर्व काही असू शकते. तपासासाठी प्रत बाहेर देताना हा धोका ध्यानात घ्यावा लागतो.

प्रतीचे वाचन : प्रत हाती आली, की शोधास आरंभ होतो. प्रथम कोसळण्याच्या क्षणी प्रक्रियक कोणती आज्ञा पाळीत होता हे पाहतात व कोणत्या कार्याने कोणते कार्य बोलविले याची साखळी उलट क्रमाने मांडतात. रेड हॅट या कंपनीतील डेव्ह अँडरसन यांनी विकसित केलेले ‘क्रॅश’ हे साधन यासाठी सर्वत्र वापरले जाते. अनेक चुका नोंदल्या गेल्या असतील, तर पहिली नोंद सर्वांत महत्त्वाची मानतात. नंतरच्या बहुतेक पहिलीचे परिणाम असतात.

काही खुणा अनुभवाने ओळखता येतात. वाचलेला पत्ता शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा असेल, तर जी वस्तू मिळालीच नाही तिचा उपयोग करण्याचा प्रयत्न झाला असे समजावे. मोकळी केलेली स्मृती ओळखू यावी म्हणून तपासणीच्या वेळी तीत मुद्दाम ठराविक आकृतिबंध भरून ठेवतात. पत्त्याच्या जागी तोच आकृतिबंध दिसला, तर परत केलेली स्मृती पुन्हा वापरली गेली हे उघड होते. पत्ता योग्य पत्त्यापेक्षा केवळ एका द्विमान अंकाने वेगळा असेल, तर संशय आज्ञावलीवर न घेता स्मृतीच्या चकलीवर, म्हणजे चिपवर घ्यावा लागतो.

संशय कोठे अधिक घ्यावा, यासंबंधी अभ्यास झाले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची पाहणी केली, तेव्हा ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण उर्वरित गाभ्याच्या तीन ते सात पट असल्याचे आढळले. विंडोज एक्सपीच्या बाबतीतही बहुसंख्य कोसळण्यांचे मूळ ड्रायव्हरांत असल्याचे दिसून आले. ड्रायव्हर यंत्रे बनविणाऱ्या निरनिराळ्या उत्पादकांनी लिहिलेले असतात, त्यांची चाचणी थोड्या यंत्रांवर होते आणि तरीही त्यांना गाभ्याइतकेच अधिकार असतात, हे यामागील कारण होय.

द्विभाजन : प्रत वाचूनही मूळ सापडत नाही, तेव्हा वेगळा मार्ग घेतात. गाभा पूर्वी व्यवस्थित चालत होता व नव्या आवृत्तीत कोसळतो एवढे निश्चित असेल, तर दोष या दोन आवृत्त्यांमध्ये झालेल्या बदलांपैकी एकात असला पाहिजे. औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या नहर-ए-अंबरी या भूमिगत जलवाहिनीवर ठिकठिकाणी आत उतरण्याची तोंडे आहेत. अशा वाहिनीत शेवटी पाणी पोचेनासे झाले, तर सर्व वाहिनी खणण्याचे कारण नाही. मधल्या तोंडाशी पाहावे. तेथे पाणी असेल तर अडथळा पुढे, नसेल तर मागे. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर पुन्हा तेच करावे. बदलांच्या क्रमवार यादीवर ही रीत लावली, की प्रत्येक परीक्षेत निम्मे बदल निर्दोष ठरतात. लिनक्सच्या एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल होतात. परंतु दहा हजार बदलांतून एक दोषी बदल शोधण्यास केवळ चौदा परीक्षा पुरतात.

क्रे रिसर्च या महासंगणक बनविणाऱ्या कंपनीतील ब्रायन नेस व व्हिएत न्गो यांनी या रीतीचा पद्धतशीर उपयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. जर्मनीतील आंड्रेआस त्सेलर यांनी १९९९ मध्ये, अनेक बदल एकत्र आल्यावरच दोष प्रकट होतो अशा प्रसंगांसाठी तिचा विस्तार केला. २००५ मध्ये लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी गाभ्याच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी गिट ही प्रणाली निर्माण केली व लवकरच तीत द्विभाजनाची सोय आली. त्यामुळे गाभ्याचे अंतरंग न जाणणारा वापरकर्ताही केवळ ‘चालतो’ किंवा ‘कोसळतो’ एवढे सांगून दोषी बदल दाखवू लागला. कारणशोध तज्ज्ञांच्या हातून सामान्यांच्या हाती येण्यातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

या पद्धतीची अट अशी, की दोष हुकमी घडवून आणता आला पाहिजे. दहा वेळांत सरासरी एकदाच कोसळणारा गाभा एकदा नीट चालला म्हणून निर्दोष ठरत नाही. दहापैकी नऊ वेळा नीट चालणारा सदोष गाभा सलग २२ वेळा नीट चालण्याची शक्यता सुमारे १० टक्के उरते. ती एका टक्क्याखाली आणण्यास ४४ परीक्षा घ्याव्या लागतात. चौदापैकी एका पायरीवर चुकीचा निर्णय झाला, तर पुढील सर्व शोध भलत्या दिशेने जातो व एखादा निर्दोष बदल दोषी ठरतो.

एक उदाहरण : २००८ मध्ये लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असता इंटेलच्या विशिष्ट जाळेजोडणी चकलीतील कायम स्मृती नासून ती चकली निकामी होऊ लागली. संशय साहजिकच त्या चकलीच्या ड्रायव्हरवर गेला. पडद्याच्या चित्रप्रणालीवरही गेला. द्विभाजन करणे कठीण होते, कारण प्रत्येक ‘कोसळतो’ या उत्तरास एका चकलीची किंमत पडे. शोधाअंती दोष सर्वस्वी वेगळ्या ठिकाणी सापडला. गाभ्यातील कार्यांचा माग ठेवणारी एफट्रेस ही नवी सोय आज्ञावलीतील काही जागांचे पत्ते लिहून ठेवी व नंतर तेथे बदल करी. मधल्या काळात त्यांपैकी काही स्मृती मोकळी होऊन तोच पत्ता जाळेजोडणीच्या चकलीकडे जाई. ‘तेथे अपेक्षित मजकूर असेल तरच बदल कर’ अशी आज्ञा वापरलेली होती. परंतु तुलना चुकली तरी ती आज्ञा प्रत्यक्षात लेखनाची क्रिया करतेच, हे लक्षात आलेले नव्हते. दोष शोधण्यासाठी बनविलेले साधनच येथे दोषाचे मूळ ठरले. ऑक्टोबर २००८ मध्ये ती सोय तात्पुरती बंद करण्यात आली.

यंत्रसामग्रीतील दोष : गाभा कोसळला म्हणजे आज्ञावलीच चुकली असे गृहीत धरणे योग्य नव्हे. गूगलच्या यंत्रांवर केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत चुका होत असल्याचे दिसले. मोठ्या यंत्रांतील स्मृतीस चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते. घरगुती व लहान कार्यालयांतील संगणकांत ती सहसा नसते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, पंख्यांत धूळ साठते व विद्युत् दाबात चढउतार होतात. अशा ठिकाणी स्मृतीची रात्रभर चाचणी घेणे, स्मृतिपट्ट्या एकेक करून काढून पाहणे व वीजपुरवठा बदलून पाहणे या पायऱ्या आज्ञावलीकडे वळण्यापूर्वी घ्याव्या लागतात. कोसळण्याची जागा दर वेळी बदलत असेल, तर संशय यंत्रसामग्रीवर आणि दर वेळी तीच असेल, तर आज्ञावलीवर अधिक घ्यावा, असा स्थूल नियम सांगता येतो.

दोष आधीच शोधणे : कोसळण्याची वाट न पाहता दोष उघड करण्याकडे २००५ नंतर कल वाढला. निरनिराळी कुलपे घेण्याच्या क्रमात भविष्यात कोंडी होऊ शकेल काय, हे तपासणारी सोय लिनक्समध्ये २००६ मध्ये आली. चुकीच्या पत्त्यावरील लेखन घडताक्षणीच पकडणारी केएसॅन ही सोय २०१५ मध्ये आली. तिच्यामुळे दोषाची जागा व कोसळण्याची जागा यांतील अंतर पुष्कळ कमी झाले. गाभ्यास असंख्य चमत्कारिक विनंत्या करून त्याला कोसळविण्याचा अखंड प्रयत्न करणारी सिझकॉलर ही आज्ञावली गूगलमधील द्मित्री व्ह्युकोव्ह यांनी तयार केली. तिच्या आधारे २०१७ पासून आढळलेले दोष आपोआप गाभ्याच्या रक्षकांकडे कळविले जातात.

इतके असूनही धोका संपलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-आज्ञावलीसाठी एक माहितीफाइल प्रसृत केली. आज्ञावलीस २० मूल्ये पुरविली जात होती व नवी माहिती २१ वे मूल्य मागत होती. ते वाचताना मर्यादेबाहेरील स्मृतीस हात लागला आणि ही आज्ञावली गाभ्यात चालत असल्याने विंडोजचा गाभाच कोसळला. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली. तोवर जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. १० बँका व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ व्यत्यय आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. कारण शोधण्यास येथे वेळ लागला नाही, कारण सर्व संगणकांच्या प्रती एकाच जागेकडे बोट दाखवीत होत्या. अवघड गेले ते प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढून टाकणे.

शिक्षण व व्यवहार : छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून असून १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ (आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) व राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र येथेही संगणकाचे शिक्षण दिले जाते. लिनक्सच्या गाभ्याची मूळ आज्ञावली, केडंप, क्रॅश व गिट ही सर्व साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. महासंगणक नसलेल्या प्रयोगशाळेतही एका आभासी यंत्रात विद्यार्थ्यास गाभा मुद्दाम कोसळवून त्याची प्रत वाचता येते. लायन्स यांच्या भाष्यासाठी एकेकाळी हस्तांतरित छायाप्रती शोधाव्या लागत. ती अडचण आता उरलेली नाही.

व्यवहारात मात्र बंद पडलेला संगणक त्वरित पुन्हा सुरू करणे हाच उपाय सर्वत्र केला जातो. रुग्णालय, बँक किंवा कारखाना यांना काम थांबवून चालत नाही, हे खरे. परंतु स्मृतीची प्रत घेण्याची व्यवस्था आधीच केलेली नसेल, तर पुन्हा सुरू करण्याच्या त्या कृतीबरोबरच कारणही पुसले जाते व तीच घटना पुन्हा घडण्यास मोकळी राहते. मग दोष बहुधा शेवटी यंत्रास हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यावर, नुकत्याच बसविलेल्या आज्ञावलीवर किंवा ज्या भागाचे नाव पडद्यावर दिसले त्या भागावर येतो. पडद्यावरील नाव हे पडण्याच्या जागेचे असते. तेथून दोषाच्या जागेपर्यंतचा मार्ग टिकवून ठेवलेल्या पुराव्यावाचून सापडत नाही, आणि हा पुरावा घटना घडण्यापूर्वीच केलेल्या तजविजीमुळे मिळत असतो.